जर्मनीला निघालेल्या चोवीस बाटल्या

आधीच सांगून ठेवतो, मी नियमाने वागणारा माणूस आहे. बजाजनगरात ही जमात आता फारशी उरलेली नाही. मोरे चौकात समोर चिटपाखरू नसताना लाल दिव्यापाशी थांबणारा, आणि मागच्यांच्या शिव्या शांतपणे खाणारा इसम तुम्ही पाहिला असेल, तर तो मीच. नाव बद्रीनाथ. वाळूजमधल्या एका कारखान्यात प्लेटिंगची, म्हणजे धातूला मुलामा चढवण्याची, प्रयोगशाळा सांभाळतो. दिवसभर कंपनीची रसायनं तपासायची आणि घरी आलो की गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत स्वतःची, हा माझा बावीस वर्षांचा नेम.

माझा छंद आरसे बनवण्याचा. साध्या काचेवर चांदीचा थर चढवायचा. त्यासाठी लागतं सिल्व्हर नायट्रेट, आणि ते बनवायला लागते चांदी. चांदी कुठून आणायची हा प्रश्न लग्नानंतर पहिल्याच वर्षी बायकोच्या पैंजणांनी सोडवला. सारजाला ते दुसऱ्या वर्षी कळलं. तिनं मला माफ केलेलं आहे. तसं ती दर दिवाळीला चार माणसांत सांगते.

तर या छंदाच्याच पुण्याईवर जर्मनीतल्या एका लहानशा गावातल्या आरशांच्या कारखान्यानं मला नोकरीवर बोलावलं. आता व्हिसासाठी एकच कागद राहिला होता. माझ्या नावावर कुठलाही गुन्हा, तंटा, तक्रार नाही असा पोलिसांचा दाखला. गुरुवारी मुंबईत व्हिसाची तारीख, आणि त्या दिवशी हातात दाखला नसेल तर कारखाना दुसरा माणूस बघणार, हे त्यांनी अगदी गोड भाषेत कळवलं होतं. मला कसली काळजी? बावीस वर्षांत माझ्या हातून कधी साधा डासही नियम मोडून मेला नव्हता.

दुसरं कुणी असतं तर त्यानं छंदाचं सामान गुपचूप कपड्यांत गुंडाळलं असतं. मी तिथल्या नगरपालिकेला पत्र लिहिलं. म्हटलं, मी येतोय, घरी रसायनांचा छंद आहे, आपले नियम कळवावेत.

"तुमाला कुणी इचारलं व्हतं का?" सारजा म्हणाली.

"विचारायच्या आधी सांगणं यालाच नियम म्हणतात."

"आन् सांगितल्यावर अडकणं याला काय म्हणत्यात?"

उत्तर आलं, चार पानी. तयार द्रावणं आणू नयेत. रिकाम्या बाटल्या आणायला हरकत नाही, पण त्या आधी मोकळ्या हवेत ठेवाव्यात, मग तीन वेळा धुवाव्यात, धुतलेलं पाणी गटारात न सोडता मान्यताप्राप्त संकलन केंद्रात द्यावं. आणि प्रत्येक बाटलीवर आसपासच्या लोकांना समजेल अशा भाषेत धोक्याची सूचना चिकटवावी. पत्र वाचून माझे डोळे भरून आले. जगात कुठंतरी माझ्यासारखी माणसं आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

मी ग्रामपंचायतीत जाऊन ग्रामसेवकांना विचारलं, आपलं मान्यताप्राप्त संकलन केंद्र कुठं आहे? ते म्हणाले, "घंटागाडी येती की सकाळी." मग मी कंपनीच्या सांडपाणी प्रकल्पात तीन प्रतींत अर्ज देऊन सगळी द्रावणं तिथं ओतली. राहिल्या चोवीस बाटल्या. तपकिरी, जाड काचेच्या, काचेच्याच बुचाच्या, तळाशी चार-चार थेंब सिल्व्हर नायट्रेट असलेल्या. त्या मोकळ्या हवेत ठेवायला गच्ची हवी होती, पण तिथं सारजाच्या कुरडया वाळत होत्या आणि जर्मनीच्या पत्रात कुरडयांबद्दल काही म्हटलेलं नव्हतं. म्हणून दोन क्रेट भरून बाटल्या मी खाली ओट्यावर सावलीत ठेवल्या. प्रत्येकीवर धोक्याची सूचना चिकटवली. आसपासच्या लोकांना समजेल अशा भाषेत, म्हणजे अर्थातच जर्मनमध्ये. मी तीन महिने क्रांती चौकात जर्मनच्या वर्गाला जात होतो, तेवढाच सरावही झाला.

शुक्रवारी पोलीस ठाण्यातून जमादार गयासभाई पडताळणीला आले. चांगला माणूस. चहा घेतला, शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या, ओट्यावरच्या बाटल्यांकडं बघून "दारू तो नै ना?" एवढंच विचारलं.

"सब बराबर है," निघताना ते म्हणाले. "रिपोर्ट सोमवारी पाठवतो. परवा इलेक्शन हाय, तोपर्यंत मला टाईम नाय. दोन दिन जरा खामोश रहो, बस."

मी हसलो. मला गप्प राहायला सांगणं म्हणजे भिंतीला उभं राहायला सांगणं.

आता आमच्या गल्लीचा एक रिवाज सांगायला हवा. घर सोडून जाणाऱ्यानं ओट्यावर ठेवलेली वस्तू ही ठेवलेली नसते, दिलेली असते. गेल्या वर्षी चाकणला बदली झालेल्या एका भाडेकरूनं टेम्पोत चढवायला म्हणून कूलर ओट्यावर ठेवला आणि चहा प्यायला गेला. परत आला तेव्हा कूलर तिसऱ्या घरात गार हवा देत होता, आणि त्याच घरातली मंडळी त्याला डोळे पुसत निरोप द्यायला आली. मी हे स्वतः पाहिलं होतं. पण मला वाटलं, सूचना चिकटवली आहे की!

शनिवारी दुपारी जर्मनच्या वर्गाला गेलो, दिवेलागणीला परत आलो, तर ओटा लख्ख. झाडून सडाही टाकलेला.

"बाटल्या?" मी सारजाला विचारलं.

"नेल्या बायांनी. लई खूश झाल्या. दगडामावशी म्हणल्या, बद्री तसा चिक्कू, पर जाताना सुधारला."

मी घरात जाऊन रबरी हातमोजे चढवले, चष्मा लावला, तोंडाला फडकं बांधलं आणि घरोघर बाटल्या परत मागायला निघालो. अशा अवतारात दारात उभा राहून दिलेली वस्तू परत मागणाऱ्या माणसाचं स्वागत आमच्या गल्लीत कसं होतं ते लिहीत नाही.

एक गोष्ट बरी होती. कुणी अजून त्यात तेल-बील भरलेलं नव्हतं. पण एक गोष्ट वाईट होती. सगळ्यांनी बाटल्या धुतल्या होत्या, आणि धुवायला आमच्याकडं ब्रश नसतो, बोटं असतात.

"भाईसाब, बाटली में से तो दूध निकला," शेजारच्या फहमिदाभाभी कौतुकानं म्हणाल्या. टँकरच्या खाऱ्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट पडलं की पाणी पांढरं होतं, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि बाटली माझ्या हातात न देता उंबऱ्यावर ठेवली.

"हात बघू," मी म्हणालो.

"कायकू?"

"उद्या ऊन लागलं की काळे पडतील. आठ-दहा दिवस जाणार नाहीत. काही अपाय नाही, फक्त काळे."

दगडाबाई त्यांच्या ओट्यावरून ऐकत होत्या. सत्तरीच्या बाई, गल्लीचं सुप्रीम कोर्ट. त्यांनी एकट्यांनी सहा बाटल्या नेल्या होत्या. दोन्ही हात माझ्यापुढं नाचवत त्या म्हणाल्या, "हे बघ माजे हात. निर्मळ हायेत. आन् दिल्यालं माघारी मागतो, वर सरापतो व्हय रं मला? जर्मनीला चाललाय का मसणात?"

चोवीसच्या चोवीस बाटल्या घेऊन मी घरी आलो. हातमोजे घातलेले असल्यामुळं माझ्या हातांवर एक ठिपकाही नव्हता. याचा मला त्या वेळी अभिमान वाटला.

रविवारी ग्रामपंचायतीचं मतदान. आमच्या प्रभागातून काकासाहेब उभे होते आणि त्यांच्याविरुद्ध तात्यासाहेब. दोघांत फरक एवढाच, की काकासाहेबांची पांढरी जीप आणि तात्यासाहेबांची काळी. आमची गल्ली काकासाहेबांची, असं काकासाहेब म्हणायचे. गल्लीनं हो म्हटलं होतं. तात्यासाहेबांनाही.

केंद्र जिल्हा परिषदेच्या शाळेत. मे महिन्याचं ऊन सकाळी आठलाच डोक्यावर बसलं होतं. गल्लीतल्या सतरा बायका एकत्र, नटून, उन्हातल्या रांगेत उभ्या. मी पुरुषांच्या रांगेत. पदराखाली झाकलेल्या हातांनी डोक्यावर ऊन अडवायला सुरुवात झाली आणि मी रांगेतून टाचा उंचावून त्यांची बोटं बघू लागलो. रांगेत उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचे हात निर्मळ होते. वर्गाच्या दारापर्यंत पोचल्या तेव्हा बोटांच्या टोकांवर जांभळट छटा होती. टेबलापाशी पोचल्या तेव्हा सतरा जणींनी कोळसा फोडल्यासारखं दिसत होतं.

टेबलावर केंद्राध्यक्ष म्हणून पैठणकडचे एक शाळामास्तर होते. नियमाचा माणूस. एरवी भेटले असते तर मी त्यांना घरी जेवायला नेलं असतं.

"आजी, डावा हात."

दगडाबाईंनी हात पुढं केला. मास्तरांनी हाताकडं पाहिलं, मग आजीकडं.

"आजी, तुम्ही मतदान करून आलाय."

"कवा?"

"हे काय, शाई आहे बोटाला."

"ही शाई नाय, बाटली हाय."

"उजवा दाखवा." तोही काळा. "पुढच्या कोण?"

पुढच्या फहमिदाभाभी. त्यांची दहाही बोटं काळी. मास्तरांनी चष्मा पुसून परत लावला. "बाई, तुम्ही दहा ठिकाणी केलंत?"

"या अल्ला," फहमिदाभाभी हाताकडं बघत म्हणाल्या. "सच्ची में काले हो गए. भाईसाब ने कल बोल्याच था."

सतरा बायकांनी एकदम मान वळवून माझ्याकडं पाहिलं. दगडाबाईंनी काळं बोट माझ्यावर रोखलं. "यानंच. यानंच सरापलं काल सांजच्याला."

बातमी शाळेच्या फाटकाबाहेर पोचायला अर्धं मिनिट लागलं. तोपर्यंत मी तात्यासाहेबांकडून सुपारी घेऊन काकासाहेबांच्या सतरा बायकांवर करणी केलेली होती. काकासाहेब स्वतः आत आले. इतक्या तातडीनं ते आमच्या गल्लीत पाणी तुंबल्यावरही कधी आले नव्हते.

"जमादार, लिहून घ्या," ते गरजले. "माझी सतरा मतं बाद करायचा डाव हाय ह्यो."

बंदोबस्ताला नेमके गयासभाई. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला सोमवारचा रिपोर्ट, गुरुवारची तारीख आणि जर्मनीतलं ते शहाण्या माणसांचं गाव एकापाठोपाठ डोळ्यांसमोरून जाताना दिसलं. इथं गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण अज्ञान दिसलं की मला राहवत नाही. मी रांग सोडून पुढं झालो.

"केंद्राध्यक्ष साहेब, ही मतदानाची शाई नाही. हे सिल्व्हर नायट्रेट आहे. मी स्वतः घरी बनवलेलं. ऊन लागलं की काळं पडतं."

मास्तरांनी त्यांच्या टेबलावरची शाईची बाटली हळूच उचलून माझ्यापुढं धरली. "मी विज्ञान शिकवतो. यातही तेच असतं."

"बरोबर," मी म्हणालो. मला आनंदच झाला. जाणकार माणूस भेटला होता.

"म्हणजे तुम्ही घरी मतदानाची शाई बनवता."

मास्तरांनी बाटली परत टेबलावर, माझ्यापासून लांब ठेवली. मला माझी चूक कळली, आणि ती दुरुस्त करायची घाई झाली. घाईत माणूस खरं बोलतो.

"तसं नाही हो. आणि एवढं घाबरण्यासारखं काय आहे त्यात? हवा तर हा डाग मी पाच मिनिटांत काढून दाखवतो."

मास्तर खुर्चीतून अर्धवट उठले. गयासभाईंनी खिशातून वही काढली. "क्या बोले? निकल सकता?"

"नाही नाही. म्हणजे निघतो, पण मी काढणार नाही."

"जमादार, थांबा जरा," काकासाहेब म्हणाले. आवाजातली गर्जना कुठल्या कुठं गेली होती. त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि मला वऱ्हांड्याच्या टोकाला नेलं. "बद्रीभाऊ, जर्मनीला काय ठिवलंय? थंडी लई म्हणत्यात तिथं. आपल्या माणसात राहावं. पंचायतीच्या मागची खोली मोकळीच हाय, तिथं तुमचं ते आरशाचं थाटा की. पुढल्या साली झेडपीचं इलेक्शन हाय."

त्यांना सोडून वळलो तर जिन्यापाशी तात्यासाहेब. त्यांनीही खांद्यावर हात टाकला. त्यांच्याकडं पंचायतीची खोली नव्हती, पण अख्खं गोदाम होतं. बावीस वर्षांत माझ्या छंदाची इतकी कदर कुणी केली नव्हती. मी दोघांनाही हात जोडून नाही म्हणालो. दोघांनाही वाटलं, मी दुसऱ्याला हो म्हटलं.

इकडं मास्तरांनी तहसील कार्यालयाला फोन लावला. तिकडून उत्तर यायला दीड तास लागला. तेवढा वेळ सतरा बायका वर्गात लहान मुलांच्या बाकांवर बसून माझ्या खानदानाविषयी बोलत होत्या. सारजाही त्यांच्यातच बसली होती आणि मधूनमधून माहिती पुरवत होती. शेवटी आदेश आला. यादीत नाव आहे, समोर खूण नाही, दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी ओळखतात, तर मतदान करू द्या. शाई जिथं स्वच्छ जागा सापडेल तिथं लावा. दगडाबाईंना मनगटावर लावली. फहमिदाभाभींना कोपराजवळ. त्या बाहेर येऊन दंड दाखवत फिरल्या.

गयासभाईंनी मला पाण्याच्या टाकीमागं बोलावलं. "देखो भाईसाब. अबी तक मैंने कुछ लिख्या नै. काकासाहेब बी आता तक्रार नको म्हणतात, तात्यासाहेब बी. पण आज तुमच्या नावाचा एक कागद ठाण्यात आला, तुमच्यावर असो नाय तर तुम्ही दिलेला असो, तर तुमचा दाखला चौकशीत गेला. समझे?"

"समजलो."

"घर जाव. मुंह बंद रखो. शाम कू आरामसे मतदान करो."

मी घरी गेलो. तोंड बंद ठेवलं. सारजानं काही विचारलं तरी मानेनं उत्तर दिलं, त्यावर ती म्हणाली हे आधीच सुचायला हवं होतं. मतदान न करता बसून राहावं असा विचार एकदा मनात आला, पण नाही. साडेपाचला पाच मिनिटं असताना मी केंद्रावर पोचलो. आत मास्तर, शाईवाल्या बाई आणि दाराशी गयासभाई. बाकी शुकशुकाट. मला बघून तिघंही थोडी सरळ झाली.

मी चिठ्ठी पुढं केली. मास्तरांनी यादीवरून बोट फिरवलं आणि थांबवलं.

"तुमचं मतदान झालंय."

"कुणाचं?"

"तुमचंच. सकाळी सात पस्तीसला. ही सही."

मी सही पाहिली. माझ्यापेक्षा सुंदर होती. 'बद्रीनाथ'मधल्या 'द्री'ला असा डौलदार फाटा मला या जन्मात काढता आला नसता. सात पस्तीसला मी घरी बसून शनिवारच्या बाटल्या मोजत होतो.

माझ्या अंगातला नियम उसळून वर आला. "साहेब, हे मी नाही—"

"मग तक्रार द्या," मास्तर उत्साहानं म्हणाले. दिवसभरात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या पुस्तकातला प्रकार घेऊन आलं होतं. त्यांनी खालच्या कप्प्यातून छापील अर्ज काढला. "इथं नाव, इथं सही. दुसऱ्यानं तुमच्या नावानं मत दिलं. जमादार जबाब घेतील, कागद ठाण्यात जाईल. तुमचा हक्कच आहे तो."

दाराशी गयासभाई खोकले. एकदाच.

मी त्या अर्जाकडं पाहिलं. असा व्यवस्थित छापलेला, सगळे रकाने असलेला अर्ज मी आयुष्यात कधी कोरा परत दिला नव्हता.

"नाही नाही," मी म्हणालो. "आठवलं आता. सकाळी येऊन गेलो होतो मी. उन्हात लक्षात राहिलं नाही."

"येऊन गेलात?"

"हो. सात पस्तीसला. माझीच सही."

मास्तरांनी अर्ज हळूच परत कप्प्यात ठेवला. त्यांचा चेहरा पडला होता. मग काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी मान वर केली.

"डावा हात दाखवा बरं."

मी हात पुढं केला. हातमोज्यांची कृपा. बजाजनगरात त्या संध्याकाळी एवढा स्वच्छ डावा हात दुसरा नसेल. तर्जनीवर ठिपका नाही, रेघ नाही, काही नाही. डाग पाच मिनिटांत निघतो असं सकाळी सतरा साक्षीदारांसमोर सांगितलेला माणूस मतदान केलंय म्हणत होता आणि बोट कोरं होतं.

गयासभाईंनी वही काढली.

मी कधी हलत नाही इतक्या चपळाईनं हललो. शाईवाल्या बाईंच्या टेबलापाशी गेलो आणि बोट त्यांच्या पुढ्यात धरलं. "बाई, सकाळी तुमची शाई लावायची राहून गेली. लावा. जरा जास्तच लावा."

बाईंनी मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांनी घड्याळाकडं पाहिलं, मग बाहेर उभ्या असलेल्या त्यांच्या परतीच्या जीपकडं, आणि मान हलवली. बाईंनी नखापासून पेरापर्यंत एक ठसठशीत रेघ ओढली. गयासभाईंनी वही मिटली, खिशात घातली आणि बाहेर बघत म्हणाले, "चलो, हो गया. कल रिपोर्ट भेजता."

बाहेर दगडाबाई फाटकापाशी बसल्या होत्या. त्यांचा राग दिवसभरात उतरला होता. माझा हात हातात घेऊन त्यांनी माझ्या काळ्या बोटाकडं आणि मग त्यांच्या बोटांकडं निरखून पाहिलं. बरोबरी झाली म्हणून त्यांना समाधान वाटलं असावं.

"झालं का मतदान?"

"झालं मावशी."

"कुणाला दिलंस?"

"ते कुणी सांगितलं तर मलाबी कळवा," मी म्हणालो आणि घराकडं निघालो.